दुसरे आठ

“म्हातारी येणारे का आज?” सॉसेजवाल्या पास्कालने गाडीतून पेटी उतरवता उतरवता विचारले.

सेर्ज व्हेसादने ऐकून न ऐकल्यासारखे केले. सात वाजून बावीस मिनिटे झाली होती. फेब्रुवारीचे धुके इतके खाली उतरले होते की चौकापलीकडच्या दगडी कमानी दिसत नव्हत्या. मंडईचे ओकचे बारा खांब तेवढे ओलेचिंब उभे होते, आणि कोपऱ्यातल्या खांबाखालची जागा रिकामी होती.

“अहो, मी काय विचारतोय?”

“येईल.”

“गेल्या शनिवारीही येईलच म्हणाला होतात.”

“गेल्या शनिवारी आली होती. छातीत कळ आली म्हणून लगेच परत गेली. सांगितलं होतं ना तुला?”

“हो हो, सांगितलंत खरं.” पास्कालने पेटी खाली ठेवली आणि कंबर सरळ केली. “नाही, मी आपला सहालाच आलो होतो. मला कशी दिसली नाही कोण जाणे. वय झालं माझं.”

सेर्ज पुढे गेला. पाठीवर पास्कालची नजर त्याला कोटातूनही जाणवत होती.

कास्तेलव्हेरच्या मंडईचा तो एकोणतीस वर्षे मुकादम होता. कुणी कुठे बसायचे, कुणाचा टेबल रेषेबाहेर आला, गैरहजर माणसाची जागा कुणाला द्यायची, हे सगळे त्याने ठरवायचे. गावात इतर दिवशी काय असते? बंद खिडक्या, दोन कॅफे, चर्चच्या मनोऱ्याचे फोटो काढणारे चार परके. शनिवारी मात्र सातशे वर्षांपूर्वी भरायचा तसाच बाजार भरतो, आणि त्या सहा तासांपुरता सेर्ज हा गावातला मोठा माणूस असतो. या मोठेपणाला त्याने कधी डाग लागू दिला नव्हता. कुणाकडून फुकट कोथिंबिरीची काडी घेतली नाही. सख्खा भाऊ मध विकायचा, तो ओळीने तीन शनिवार आला नाही, तर त्याची जागा काढून दुसऱ्याला दिली. त्यानंतर भावाने आठ वर्षे त्याच्याशी बोलणे टाकले. सेर्जलाही त्याचे वाईट वाटायचे, पण नियम म्हणजे नियम, असे तो बायकोला सांगायचा आणि बायको ताटाकडे बघत बसायची.

नियम असा होता की ओळीने तीन शनिवार जो आला नाही त्याची जागा गेली. पण गेली म्हणजे अशी परस्पर नाही. कास्तेलव्हेरच्या चर्चचे घड्याळ दर तासाचे टोले दोनदा देते, दोन मिनिटांच्या अंतराने. पूर्वी शेतात वाकलेल्या माणसाची मोजणी चुकली तर त्याला पुन्हा मोजता यावे म्हणून. मंडई दुसऱ्या आठावर उघडते. तिसऱ्या शनिवारी पहिले आठ पडले की मुकादमाने त्या जागेपुढे उभे राहून तीन हाका मारायच्या. दुसऱ्या आठाआधी “आहे” असे उत्तर आले तर जागा राहिली. नाही आले तर यादीतल्या पहिल्या माणसाची झाली.

गेला शनिवार फेर्नांद रूकेतचा तिसरा होता.

फेर्नांदबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या खांबाखाली अंडी विकत होत्या, आणि त्यांच्याआधी त्यांची सासू. अंड्यावर शिसपेन्सिलीने वार लिहिलेला असायचा. बुधवारचे अंडे गुरुवारचे म्हणून त्यांनी कधी खपवले नाही. नवखा सेर्ज पहिल्या शनिवारी चाचरत नावे पुकारू लागला आणि सगळी मंडई खो खो हसली, तेव्हा ही बाई टेबलावर थाप मारून ओरडली होती, “हसताय काय दात काढून? मुकादमाची शिट्टी त्याच्याकडे आहे!”

तर गेल्या शनिवारी पहिले आठ पडले, सेर्जने हाक मारायला तोंड उघडले, आणि त्याला हाक मारताच आली नाही. त्याने वहीत फेर्नांदबाईंच्या नावापुढे हजेरीची खूण केली, त्या जागेवर एक रिकामे खोके ठेवले आणि येऊन गेल्या असे सगळ्यांना सांगून टाकले. एकोणतीस वर्षांत पहिली खोटी खूण. तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हते.

काळजी एक असती तर त्याने निभावून नेली असती. गुरुवारी त्याने त्यांच्या घरी फोन केला, तो वाजून वाजून बंद झाला. नऊ किलोमीटरवर टेकडीत एकटे घर. बाई स्वयंपाकघरात पडून तर नसेल? पण मुकादमाने विक्रेत्याच्या घरी पाऊल टाकायचे नाही हाही त्याचाच नियम. शुक्रवारी तो गाडी काढून नदीवरच्या पुलापर्यंत गेला, इंजिन चालू ठेवून दहा मिनिटे बसला आणि माघारी फिरला. आता त्याला स्वतःची लाज वाटत होती.

“मस्यू व्हेसाद.”

सोलेन मागे उभी होती. भाजीवाली, तिशीतली, हात थंडीने लाल झालेले. सहा वर्षे ती कारंज्याजवळच्या उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडी उभी राहत होती, आणि यादीत पहिले नाव तिचेच होते. तिची काहीही चूक नव्हती, हीच तर पंचाईत होती.

“मी नगरपालिकेत गेले होते,” ती म्हणाली. “तुम्हाला कळलंच असेल. तक्रार नाही केली हं मी. फक्त विचारलं.”

“विचारायचा हक्क आहे तुझा.”

“त्या आल्या असत्या तर मला दिसल्या असत्या. मी समोरच असते. तुम्ही खोटं बोलता असं मला वाटलं नसतं कधी, म्हणून जास्तच...” ती थांबली. “माझा पाला गोठतो हो तिकडे. दर शनिवारी अर्धा फेकते. तुमचा राग नाही, पण सहा वर्षं झाली.”

“ठाऊक आहे मला.”

“मग?”

“आठ वाजू दे,” तो म्हणाला.

पावणेआठला उपनगराध्यक्षा मायलिस कास्तेरा आल्या. काल त्यांनी फोनवर “उद्या येते मी, सहज” असे म्हटले होते, आणि त्या ‘सहज’ने सेर्जची झोप उडवली होती. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. खोटी हजेरी लावणारा मुकादम म्हणून जायचे?

“थंडी काय हो ही!” बाईंनी हातमोजे काढलेच नाहीत. “वही बघू जरा?”

त्याने वही दिली. त्यांचे बोट गेल्या शनिवारच्या खुणेवर येऊन थांबले.

“फेर्नांद रूकेत. ही आली होती?”

पास्कालने सुरी पुसायची थांबवली. पलीकडच्या फुलवालीनेही मान वळवली. मंडईत कोण कुणाचे बोलणे ऐकत नाही?

“मस्यू व्हेसाद, मी तुम्हाला विचारतेय.”

खरे सांगून टाकावे असे सेर्जच्या मनात आले होते, अगदी ओठापर्यंत. तेवढ्यात धुक्यातून एक जुनी पांढरी गाडी हेडलाइट लावून थेट मंडईच्या पायरीपर्यंत आली. बाजाराच्या दिवशी गाडी तिथपर्यंत आणायला मनाई आहे. एरवी सेर्जने शिट्टी फुंकून कान फोडले असते. दार उघडले, शेजारचा शेतकरी उतरला आणि त्याने हात धरून फेर्नांदबाईंना बाहेर काढले.

अंगावर चांगला काळा कोट, रविवारचा. एका हातात काठी. दुसरा हात रिकामा. टोपली नव्हती.

जिवंत आहे, एवढेच सेर्जच्या मनात आले. त्याचे डोळे भरून आले आणि तो कोटाच्या खिशात काहीतरी शोधल्यासारखे करू लागला.

पायरी चढायला बाईंना खूप वेळ लागला. कुणी मदतीला पुढे आले की त्या काठी उगारायच्या. कोपऱ्यातल्या खांबापाशी येऊन त्यांनी त्यावर हात टेकला आणि श्वास घेतला.

“काय गं मायलिस, तू इथे कशी? कोबी स्वस्त झाला की काय?”

“तुम्हालाच बघायला आले, मादाम रूकेत.” उपनगराध्यक्षा जरा ओशाळल्या, पण बोट वहीवरच होते. “एक विचारायचं होतं. गेल्या शनिवारी तुम्ही आला होता का?”

ही बाई खोटे बोलत नाही, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होते.

फेर्नांदबाईंनी एकदा सेर्जकडे बघितले. एकदा सोलेनकडे, तिच्या लाल हातांकडे.

“आले होते की,” त्या म्हणाल्या. “छातीत कळ आली. हा म्हणाला, घरी जा. गेले.”

“पण मला तर...” सोलेन म्हणाली.

“धुकं असतं बाळ, या दिवसांत.”

मायलिस कास्तेरांनी वही मिटली. पास्काल मोठ्याने खोकला आणि सुरी पुन्हा पुसू लागला. सेर्ज फेर्नांदबाईंजवळ गेला. त्या कुजबुजल्या, “शेजाऱ्यानं सांगितलं मला तू काय करून ठेवलंस ते. आयुष्यात पहिल्यांदा शिळं अंडं ताजं म्हणून विकलं मी, सेर्ज. ते तुझ्यासाठी. पुन्हा विकायला लावू नकोस.”

“तुम्ही कुठं होता? मी फोन केला होता.”

“खुराड्यात पडले. खुबा. हॉस्पिटलात होते. उद्या लेक न्यायला येतेय, तुलूझला. कोंबड्या याला दिल्या.” त्यांनी गाडीवाल्या शेतकऱ्याकडे हनुवटी केली. “आता आठ झाले की हाक मार.”

“कसली हाक? तुम्ही तर समोर उभ्या आहात.”

“म्हणूनच. सासूनं जागा सोडली तेव्हा तिलाही हाकाच मारल्या होत्या. इथंच उभी होती ती, तोंड मिटून. मी न येता तू हाक मारली असतीस तर जागा काढून घेतली असं झालं असतं. माझ्याकडून कुणी काही काढून घेत नाही. मी देतेय.”

“कागदावर लिहून दिलंत तरी चालेल. मी मारणार नाही हाक.”

“सख्ख्या भावाला हाका मारल्यास ना?”

सेर्जने मनगटावरचे घड्याळ पाहिले.

“ये गं इकडे, भाजीवाली,” बाई मोठ्याने म्हणाल्या. सोलेन दोन पावले पुढे आली. काय चालले आहे ते आता तिच्या लक्षात आले होते आणि तिचा चेहरा पार उतरला होता.

“मला असं नको होतं,” ती म्हणाली.

“जागा हवी होती ना? मग जागा अशीच मिळते. डाव्या बाजूनं वारा येतो, तिकडे ताडपत्री बांध.”

पहिले आठ वाजू लागले. धुक्यातून टोले जवळच पडल्यासारखे ऐकू आले. सेर्जने टोपी काढली. हाक मारताना टोपी काढायची रीत नाही, तरी त्याने काढली.

“फेर्नांद रूकेत!”

कुणी हलले नाही. फेर्नांदबाई समोर दोन्ही हातांचा आधार घेऊन उभ्या होत्या, एक हात काठीवर, एक खांबावर. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. नजर समोरच्या कमानींकडे होती, जिथे काहीच दिसत नव्हते.

त्याने मनात वीस आकडे मोजले, तीस मोजले.

“फेर्नांद रूकेत!”

त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. एक शब्द पुरे होता. बोला हो, तो मनात म्हणाला, बोला, मी लिहितो, बाकीचे मी बघतो. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. खांबावरच्या हाताची बोटे तेवढी लाकडावरून खाली वर फिरली.

तिसरी हाक त्याने लांबणीवर टाकली, जितकी टाकता येईल तितकी. दोन मिनिटे संपत आली तसे पास्काल हलकेच “सेर्ज” म्हणाला.

“फेर्नांद रूकेत,” सेर्ज म्हणाला. ही हाक नव्हतीच. एखाद्याला जेवायला बोलवावे तसे तो म्हणाला.

मग दुसरे आठ वाजले.

सोलेन गाजरांची पेटी पोटाशी धरून उभी होती. ती पेटी खाली ठेवत नव्हती, पुढेही येत नव्हती. आठवा टोला विरल्यावर फेर्नांदबाईंनी खांबावरचा हात काढला, काठी आधी टेकली, आणि तिच्यासाठी एक पाऊल बाजूला झाल्या.