भावजयीचं उदाहरण

माझी भावजय मला पाण्यात पाहते आणि मी तिला. आमच्या घरात हे लपवायची पद्धत नाही. नवऱ्याला सोडून मी धाकट्या भावाकडे आले, तेव्हा भावजयीनं माझी बॅग आत ठेवली आणि म्हणाली, "वन्सं, इथं आयतं मिळणार नाही. माझ्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवा." घर भावाचं, क्लास तिचा, माझं काहीच नाही.

दोन वाक्यं जोडण्याचा धडा मी माझ्या पद्धतीनं घ्यायची. प्रत्येक मुलाकडे चार पुठ्ठे: अँड, बट, सो, बिकॉज. मी फळ्यावर वाक्यं लिहायची, मुलांनी हवा तो पुठ्ठा वर धरायचा आणि कारण सांगायचं. कारण पटलं तर उत्तर बरोबर. भावजयीला ही सगळी थेरं वाटायची. "परीक्षेत काय पुठ्ठे नाचवणार?" असं ती दारातूनच विचारायची, मुलांना नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

त्या रविवारी हाच धडा पालकांसमोर घ्यायचा होता. तो जमला तर दहावीची बॅच मला मिळणार होती. आणि बॅच मिळाली तर भाड्याची का होईना, स्वतःची खोली. भाऊ मागे खुर्च्या लावत होता. घरात वाजायला लागलं की काहीतरी आवरत बसायचं, हे त्याचं जुनं कसब.

मी खडू उचलला आणि भावजयीनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"एक उदाहरण माझ्याकडून," ती पालकांना म्हणाली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: द न्यू टीचर इज क्लेव्हर. शी लेफ्ट हर हसबंड.

पालक कुजबुजायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात बोलून पोट भरत नाही, म्हणून आता फळ्यावर?

पुठ्ठे वर गेले. बट, बट, सगळीकडे बट.

"हुशार आहे, पण नवऱ्याला सोडलं," भावजय गोड हसली. "बघा, पोरांनाही कळतं."

पहिल्या बाकावर तिचीच लेक बसली होती. तिच्या हातात 'सो' होता.

"खाली ठेव. चूक आहे," भावजय म्हणाली.

"आधी कारण विचारायचं असतं," मी फटकारलं. बॅच गेली खड्ड्यात. "सांग गं, का?"

पोरगी आईकडे बघत चाचरत म्हणाली, "आत्या, आईच मावशीला फोनवर सांगत होती. वन्सं हुशार, म्हणून सुटल्या. मी मूर्ख, म्हणून इथं सडतेय."

मागे खुर्च्यांचा आवाज थांबला. भावजय पांढरीफटक पडली. मला आनंद व्हायला हवा होता. आला तो रागच, आणि तोही तिचाच. एका छपराखाली राहून हे मला सांगायला काय झालं होतं हिला?

"कारण पटलं. उत्तर बरोबर," मी म्हणाले.

भावजयीनं खडू माझ्या हातात आदळला. "दहावीची बॅच उद्यापासून वन्सं घेतील," तिनं पालकांना सांगून टाकलं. मग माझ्याजवळ येऊन दातओठ खात म्हणाली, "खोली जरा मोठी बघा. आम्ही दोघी मायलेकी येतोय. आणि स्वयंपाकघरात तुमची लुडबुड मला चालणार नाही."