चुऱ्याची बरणी

बरणीतलं काही कमी झालं तर माणूस चोर शोधतो. वाढलं तर कोणाला शोधायचं?

भिंगबाई ओट्यापाशी उभी होती आणि तिचे डोळे बरणीवरून हलत नव्हते. सकाळी कामावर जाताना तिनं शिंप्याच्या निळ्या खडूनं काचेवर बारीक रेघ ओढली होती. चुरा बरोब्बर तिथवर होता. आता संध्याकाळचे सात वाजले होते आणि चुरा रेघेच्या चांगलं अर्धं बोट वर आला होता. म्हणजे दिवसाउजेडी कोणीतरी बरणीत काहीतरी घालत होतं. आणि दिवसभर घरात असायच्या त्या फक्त सासूबाई.

भिंगबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शर्टांच्या कारखान्यात ती तयार माल तपासायची. टाका सुटलेला असो की काज वाकडं असो, हिच्या नजरेतून काही सुटायची सोय नव्हती. दोष दिसला की तिथं लाल दोरा बांधायचा आणि शर्ट परत धाडायचा. मशीनवरच्या बायका तिला तोंडावर भिंगबाई म्हणायच्या, आणि खोटं कशाला बोला, तिला ते मनातून आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी पोटाच्या डॉक्टरांनी तिचा गहू बंद केला होता. "कण म्हणजे कणसुद्धा नाही हं. चमच्याला चिकटलेलाही चालणार नाही," त्यांनी बजावलं होतं. गहू पोटात गेला की तिच्या आतड्याचं अस्तरच खराब व्हायचं. नवऱ्यानं त्याच संध्याकाळी पिठाचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला. "तुझ्या ताटात जे, तेच माझ्या ताटात," तो म्हणाला. तेव्हा तिला भरून आलं होतं. अजूनही कारखान्यात कोणी नवऱ्याचं रडगाणं लावलं की ती हळूच सांगायची, "आमचे हे तर ऑफिसात डबासुद्धा मक्याच्या पावाचा नेतात. वर घरी येऊन स्वतःचा डबा स्वतः धुतात!"

हा मक्याचा पाव ती चुकत चुकत शिकली होती. मक्याचं पीठ, दही, अंडी, चिमूटभर सोडा, सगळं घोटून बिडाच्या पॅनमध्ये ओतायचं आणि ओव्हनमध्ये सरकवायचं. ताजा असला की झकास लागतो. दुसऱ्या दिवशी मात्र घशाखाली उतरता उतरत नाही. पण टाकायचा कसा? उरलेले तुकडे ती मंद ओव्हनमध्ये खडखडीत वाळवायची, हातानं चुरायची आणि बरणीत भरून ठेवायची. त्या बरणीवर घर चालायचं म्हणा ना. सूप पातळ झालं की दोन चमचे चुरा. कटलेट घोळवायचे ते चुऱ्यातच. ढोबळ्या मिरचीत कांद्याबरोबर चुरा, आणि गोड खावंसं वाटलं तर दूध, अंडं, साखर घालून त्याचंच पुडिंग. बरणीतलं काहीच पोटात गेलं नाही असा एक दिवस जायचा नाही.

आणि दोन महिन्यांपासून तेच पोट पुन्हा दुखायला लागलं होतं. रक्त तपासलं तर आकडा चढलेला. "कुठून तरी गहू जातोय," डॉक्टर म्हणाले. "शोधून काढा. तीन महिन्यांत आकडा उतरला नाही तर पुढचं औषध द्यावं लागेल, आणि ते काही साधंसुधं नाही."

दोन महिने! आणि सासूबाई राहायला येऊन किती झाले होते? दोन महिने आणि चार दिवस.

सासूबाईंनी मुलींच्या वसतिगृहावर तीस वर्षं मॅट्रन म्हणून काढली होती. पोट दुखतंय म्हणून वर्ग बुडवणाऱ्या पोरी त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी नुसतं "जीभ बघू" म्हटलं की निम्म्या जणी जागच्या जागी बऱ्या व्हायच्या. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात सुनेचं पथ्यपाणी सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या वेळी एवढी नाजूक पोटं नव्हती बाई." त्या वाक्याला भिंगबाईनं मनातल्या मनात लाल दोरा बांधून ठेवला होता. शिवाय त्यांच्या बॅगेत गव्हाच्या बिस्किटांचा पुडा असायचा. त्या तो बाल्कनीत बसून खायच्या, हात धुऊन आत यायच्या, सगळं अगदी रीतसर. पण तेच तर खटकत होतं! इतकं रीतसर कोण वागतं? म्हातारी आपली परीक्षा घेतेय, थोडं थोडं घालून बघतेय की हिचं दुखणं खरं की नाटक, असं भिंगबाईच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

तिनं बरणीतला वरचा चमचाभर चुरा काळ्या कापडावर पसरला आणि कारखान्यातलं भिंग पर्समधून काढलं. खालचा चुरा कडक होता, वरचा मऊ. पिवळ्या दाण्यांत दोन पांढरट, लवचीक कपटे होते. आणि एक तीळ. या घरात तीळ नव्हते.

तिघं जेवायला बसली तेव्हा तिनं बरणी टेबलाच्या मधोमध आणून ठेवली.

"आई, यात तुम्ही काय घालता?"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "मी? मी कशाला काय घालू?"

"सकाळची रेघ ही, आत्ताचा चुरा हा. दिवसभर घरात तुम्हीच असता. आणि हा बघा तीळ, हे गव्हाच्या पावाचे कपटे. मी सोंग करते असं वाटत असेल तर तोंडावर सांगा. माझ्या पोटावर प्रयोग नकोत."

"माझा पुडा आण आणि फोडून बघ. एक तरी तीळ सापडला तर बोल."

"मग काय, बरणी आपोआप वाढते?"

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो पाणीखात्यात नकाशे काढायचा, घरात तसा कमीच बोलायचा. आत्ता तर तो ताटातल्या कटलेटचे तुकडे करत होता, एकाचे दोन, दोनाचे चार. शेवटी वर न बघताच म्हणाला, "जाऊ दे ना. आई विसरली असेल. वयानं होतं असं."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ, की भिंगबाईलाच अवघडल्यासारखं झालं. मग त्यांनी पाण्याचा पेला उचलला. "असेल बाबा. विसरले असेन," त्या म्हणाल्या.

झालं! कबुली मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी बॅग भरली आणि बहिणीकडे जाते म्हणाल्या. किती दिवस ते बोलल्या नाहीत आणि हिनंही विचारलं नाही. नवऱ्यानं बसस्टॉपपर्यंत बॅग पोचवली. भिंगबाईनं तो सगळा चुरा टाकून दिला, बरणी उकळत्या पाण्यानं धुतली आणि रविवारी नव्यानं भरायला घेतली.

आता बरणी वाढत नव्हती. सकाळची रेघ संध्याकाळी जागच्या जागी. दहाव्या दिवशी पोटातली कळ कमी झाली, पंधराव्या दिवशी तिला रात्रभर सलग झोप लागली. पुरावा आणखी काय हवा? तरी मनात पाल चुकचुकायची. तीस वर्षांपूर्वीच्या पोरी आडनावांसकट ज्यांना आठवतात, त्या बाई बरणीत काय घातलं ते विसरतात? आणि त्या रात्रीच त्यांच्या पुड्यातली बिस्किटं तिनं गुपचूप फोडून बघितली होती. तीळ नव्हता.

शनिवारी दुपारी इमारतीचा वॉचमन दारात आला. त्याच्या हातात सुपडी होती आणि चेहरा त्रासलेला.

"वहिनी, साहेबांना जरा सांगा. गच्चीवर पाव टाकत जाऊ नका म्हणावं. कबुतरांनी नुसता उच्छाद मांडलाय. टाकीच्या झाकणावर घाण, वाळत घातलेल्या कपड्यांवर घाण. लोक मला बोलतात."

सुपडीत पिवळे तुकडे होते. तिच्या हातचे, सुरीनं कापलेले, सरळ कडांचे. त्यांच्यात तीळ लावलेल्या बनचं अर्धं कवच पडलं होतं.

"कधीपासून टाकतायत?" तिनं विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"झाले की पंधरा-सोळा दिवस. तुमच्या सासूबाई गावाला गेल्या ना, त्याच दिवसापासून बघा."

तिनं सुपडी ठेवून घेतली, वॉचमनला बरं म्हणाली आणि दार लावलं.

नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. तिनं सुपडी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं पेपराची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली.

"मला नाही गं आवडत तो पाव," तो म्हणाला. "पहिल्यापासूनच नाही. तुला कसं सांगणार? आमच्या ऑफिसातला शिपाई आवडीनं खायचा, त्याला द्यायचो. मी कँटीनमधून बन घ्यायचो, भाजीबरोबर खायचो. मग दोन महिन्यांपूर्वी तो शिपाई रिटायर झाला."

"आणि मग?"

"उरलेला बन त्याच डब्यात राहायचा. तुझा पाव टाकून द्यायला मन होईना. एवढी पहाटे उठून करतेस. म्हटलं, मक्याचाच आहे, मक्यात जाईल. आई संध्याकाळी फिरायला गेली की चुरून बरणीत टाकायचो आणि डबा धुऊन ठेवायचो. शपथेवर सांगतो, त्याला बनचे कण लागत असतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

तिनं त्यावर विश्वास ठेवला. बनवरून तिला रागही आला नाही. कोणालाही कंटाळा येईल, तिला स्वतःलाच तो पाव कुठं धड आवडत होता! तिला विचारायचं होतं ते वेगळंच.

"डोक्यात कधी आलं?"

त्यानं पेपराची घडी गुडघ्यावर ठेवली.

"त्या दिवशी जेवताना. मी तीळ दाखवला तेव्हा. हो ना?"

"तू इतकी चिडली होतीस," तो पुटपुटला. "आणि आई काय, आई सांभाळून घेतेच."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन बस बदलून भिंगबाई सासूबाईंच्या बहिणीकडे पोचली. मावशी बाजारात गेल्या होत्या. सासूबाई खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला बटणं लावत होत्या. हिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आई, माझं चुकलं. चला घरी."

"बस आधी. पाणी पी," सासूबाई म्हणाल्या. त्यांना नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय केलंय ते माहीत नव्हतं. त्यानं काहीतरी केलंय एवढं त्याच्या तोंडावरून कळलं. कटलेटचा भुगा करत बसला होता बघ. म्हटलं, मी गेले की दोन दिवसांत बायकोला सांगेल. नाहीतर मला तरी फोन करेल." त्यांनी दोरा दातानं तोडला. "त्यानं आपणहून सांगितलं, का तू पकडलंस?"

आपणहून सांगितलं म्हटलं तर सासूबाई आत्ता उठतील, बॅग उचलतील, हे तिला समोर दिसत होतं. पण सदोष माल पुढे सोडायची तिच्या हाताला सवयच नव्हती.

"पकडलं," ती म्हणाली.

सासूबाईंनी अभ्रा मांडीवर पसरला आणि तळहातानं सारखा करत राहिल्या. "तू संशय घेतलास, त्याचं मला फारसं वाटलं नाही गं. वाईट वाटलं, पण तुझं पोट दुखत होतं. त्याचं काय दुखत होतं?"

भिंगबाईला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही.

"मी आज येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्याला पाठव. एकट्याला. तू बरोबर येऊ नकोस, नाहीतर तो तुझ्या तोंडून बोलेल."

दुपारी ती घरी परतली तेव्हा त्यानंच दार उघडलं आणि तिच्या मागे जिन्याकडे पाहिलं.

"आई?"

"तुझी वाट बघतायत. आत्ता निघ."

"तू पण चल ना. तू असलीस की बरं पडेल."

"नाही."

तो बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत बसला. मग गेला. ती खिडकीशी आली. कोपऱ्यावर पोचून तो थांबला, खिशात हात घालून उभा राहिला. एक बस आली तशी गेली. या माणसावर तिनं दोन वर्षं डोळे मिटून भरवसा ठेवला होता, आणि आता तो कोपऱ्यावरून कुठं वळतो ते ती पडद्याआडून बघत होती. तिला स्वतःची लाज वाटली. तरी ती तिथून हलली नाही. दुसरी बस आली आणि तो चढला. हे तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

तरीही तिनं फोन उचलला.

"आई, तो निघालाय. पोचला की कळवा," ती म्हणाली. "आणि काय बोलला ते मला तुम्हीच सांगा. त्याच्याकडून नको."

पलीकडे सासूबाईंनी ऐकून घेतलं. "बरं," त्या म्हणाल्या.