एकसष्टचे शंभर

शेडचं शटर दहाला वर जायचं, पण आठपासूनच विजेवर चालणाऱ्या गाड्यांची रांग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत गेलेली असायची. कुणाची गाडी चढावर धापा टाकायची, तर कुणाची पूर्ण चार्ज करूनही अर्ध्या वाटेत मान टाकायची. कंपनीकडे गेलं की एकच उत्तर मिळायचं, बॅटरी बदला. आणि इथे म्हणे एक माणूस नुसता हात ठेवतो आणि म्हातारी बॅटरी तरणी होते. लोक त्याला हातगुणवाले म्हणायचे.

हातगुणवाले पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, अनवाणी यायचे. शेडमध्ये पूर्वी गॅरेज होतं. गाडीखाली उतरून काम करण्यासाठी जमिनीत लांबट खड्डा खणलेला होता, त्याला आता ऊर्जाकुंड म्हणत. त्यावर गाडी उभी राहिली की ते बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवायचे.

"बॅटरीत काय असतं? सेल. सेल म्हणजे काय? पेशी. तुमच्या-माझ्या अंगात काय असतं? पेशी. मग पेशी पेशीचं ऐकणार नाही, तर कुणाचं ऐकणार?"

लोक माना डोलवायचे. एकदा त्यांत जीवशास्त्राचे एक प्राध्यापक होते, त्यांची मान सगळ्यांत जोरात डोलली होती.

मग तीन लांब श्वास, आणि चौथ्याला टाच जमिनीवर दाणकन आपटायची. त्यासरशी गाडीतल्या पडद्यावरचा बॅटरीच्या तब्येतीचा आकडा एकसष्टवरून थेट शंभरावर जायचा. एका चार्जमध्ये एकशे ऐंशी किलोमीटर सांगणारी गाडी तीनशे सांगू लागायची. माणसं डोळे पुसत बाहेर पडायची.

हा सोहळा तिने कधीच पाहिला नव्हता. ती त्या वेळी खाली खड्ड्यात असायची.

ती हातगुणवाल्यांची धाकटी भावजय. अकरा वर्षं तिने एका सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटऱ्या उघडल्या, तपासल्या, जोडल्या. सेंटर बंद पडलं तेव्हा ती आणि नवरा दादांच्या, म्हणजे हातगुणवाल्यांच्या, घरी वरच्या खोलीत राहायला आले. दादा तोवर दारोदार हातात घालायची चुंबकाची कडी विकायचे. "चार दिवस मदत कर," ते म्हणाले होते. चार दिवसांचं दीड वर्ष झालं.

सकाळी शटर वर जाण्याआधीच ती लोखंडी शिडीने खाली उतरायची. मागून नवरा खड्ड्याच्या शिडीकडच्या तोंडावर फळ्या टाकायचा आणि डोक्यावर गाडी यायची. उपड्या क्रेटवर बसलं की गाडीचं पोट कपाळापासून हातभर वर. जुन्या ऑइलचा वास नाकात बसलेला. दोन वाजेपर्यंत खोकायचं नाही, उठायचं नाही. वर टाच आपटली की मांडीवरच्या टॅबवर बोट टेकवायचं, बस.

गेल्या पावसाळ्यानंतर एकदा तिने जेवताना विषय काढला होता. "दादा, हे थांबवू या. उद्या कुणाच्या जिवावर बेतेल."

दादांनी शांतपणे घास संपवला. "थांबवू की. पण प्रत्येक गाडीच्या नोंदीत मेकॅनिक म्हणून परवाना क्रमांक कुणाचा पडतो? माझा नाही. मी तर फक्त हात ठेवतो."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटातल्या भातात बोट फिरवत राहिला. दादाच्या शब्दाबाहेर तो जन्मात गेला नव्हता. त्या दिवसापासून तिला वरच्या खोलीतही डोक्यावर गाडी उभी असल्यासारखं वाटायचं.

त्या मंगळवारी तिसरी गाडी वर आली आणि पाठोपाठ एका बाईचा आवाज आला. चढलेला नव्हता, पण थांबणारा नव्हता.

"भाऊ, महिन्यापूर्वी मी इथून गाडी नेली. डायलिसिसचे पेशंट घरून दवाखान्यात आणि परत नेते. परवा दुपारी पुलाच्या मधोमध गाडी बंद पडली. पडद्यावर चौतीस टक्के चार्ज दिसत होता, आणि गाडी मेलेली. मागे दोन म्हातारी माणसं. चाळीस मिनिटं उन्हात. आजोबांची शुद्ध गेली. ते अजून दवाखान्यातच आहेत."

शेडमध्ये कुजबुज झाली.

"ताई," दादांचा आवाज मधात बुडवल्यासारखा झाला, "ऊर्जा दिली जाते, पण ती टिकवावी लागते. मनात शंका होती का?"

"शंका नव्हती. आता आहे. गाडी पूर्ण रिकामी झाली की मी चार्जिंगला लावते, मीटर बघते. तुमच्याकडे यायच्या आधी अठरा युनिट जायचे. तुम्ही तिला शंभर टक्के केलंत, तरी अठराच जातात. नवी होती तेव्हा तीस जायचे. मग वरचे बारा कुठे भरले तुम्ही?"

खाली तिने डोळे मिटले. दीड वर्षात कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. विचारायला हवा होता तो नेमका हाच.

"हिशेब करणाऱ्याला अनुभव येत नाही," दादा म्हणाले. "सगळे शांत व्हा. हिची बॅटरी मी पुन्हा जागी करतो."

एक श्वास, दोन, तीन. टाच आपटली.

टॅबवर त्या गाडीचा आकडा दिसत होता. महिनाभरात तो पुन्हा घसरून सत्तरपर्यंत आला होता. तिचं बोट काचेपासून नखभर अंतरावर होतं. तिला ते म्हातारे डोळ्यांसमोर दिसेनात, दिसला तो फक्त बंद गाडीचा दरवाजा आणि आतून काचेला टेकलेला तळहात. तिने बोट मागे घेतलं.

पुन्हा टाच आपटली, जोरात. मग तिसऱ्यांदा.

टॅब घेऊन ती उठली, वाकूनच मागे सरकली आणि शिडीवर चढून फळ्यांवर मूठ ठोकली. फळ्यांवर नवऱ्याची पावलं होती, तिला त्याच्या चपला ओळखू यायच्या. "उघडा," ती म्हणाली. पावलं हलली नाहीत. "अहो, उघडा. मला श्वास घेता येत नाही इथे."

बऱ्याच वेळाने एक फळी सरकली. मग दुसरी. त्याने हात पुढे केला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

ऑइलने माखलेली बाई जमिनीतून वर आलेली पाहून लोक मागे सरले. दादा सगळ्यांत आधी सावरले. "घरातलं माणूस आहे. डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या."

ती ड्रायव्हरबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "ताई, तुमची चप्पल काढून बॉनेटवर ठेवा."

"चप्पल?"

"हो. आणि दादांना तिकडे भिंतीपाशी उभं राहू द्या."

ते जीवशास्त्राचे प्राध्यापक आज नव्हते, पण दुसरा कुणीतरी खिडकीतून पडद्यावर नजर ठेवून उभा राहिला. तिने टॅबवर बोट टेकवलं. "शंभर झाले," तो माणूस पुटपुटला. कुणीतरी फिसकन हसलं.

मग तिने स्टीअरिंगखाली हात घालून काडेपेटीएवढी डबी उपसून काढली. "गाडी पुसायच्या निमित्ताने ही आत बसवतात. बॅटरीत किती जोर उरलाय, याची नोंद गाडीचा संगणक ठेवतो. खरी नवी बॅटरी घातली की मेकॅनिक त्याला कळवतो, जुनी नोंद पूस, शंभरापासून मोज. मी खालून तेवढंच कळवते. नवी बॅटरी न घालता. आकडा बदलतो, बॅटरी होती तशीच राहते. काही आठवड्यांत संगणकाला चूक कळू लागते. पण त्याआधीच गाडी कुठेतरी फसते, कारण पडद्यावर उरलेलं दिसत असतं ते बॅटरीत नसतंच."

"खोटं आहे हे," दादा म्हणाले, पण श्वास लागल्यासारखे.

ड्रायव्हरबाई तिच्याकडे टक लावून पाहत होत्या. "तू हे सगळं खालून ऐकत होतीस?"

"हो."

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

बाईंनी चप्पल उचलून पायात घातली. आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

तिने पोलिसांत जबाब दिला. दादांवर खटला उभा राहिला, तिचाही परवाना दोन वर्षांसाठी गेला. वरची खोली सुटली. नवरा आठवडाभर दादांकडेच राहिला आणि मग एक पिशवी घेऊन तिच्या भाड्याच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आजोबा नवव्या दिवशी घरी आले.

ड्रायव्हरबाईंची बॅटरी दुसऱ्या एका मेकॅनिकने उघडली. परवाना नसल्याने तिला स्वतः हात लावायची मुभा नव्हती, म्हणून ती स्टुलावर बसून सांगत राहिली. बॅटरीतल्या सेलच्या चोवीस ठोकळ्यांपैकी पाच आजारी निघाले आणि बाकीच्यांना खाली ओढत होते. तेवढे बदलले. बाईंनी गाडी रिकामी करून पुन्हा चार्जिंगला लावली आणि मीटरसमोर ठाण मांडून बसल्या. पंचवीस युनिट.

"तीस नाही झाले," बाई म्हणाल्या.

"नाही होणार. बाकीचे ठोकळेही वापरलेलेच आहेत. पण हे पंचवीस खरे आहेत."

यंत्र कुणावर रुसत नाही आणि कुणाच्या स्पर्शाने लाजत नाही. त्याच्या आत जे आहे तेवढंच ते देतं. कुणी म्हणालं, मी त्यात जास्त भरलं, तर त्याला विचारा, किती भरलं आणि कुठून आणलं. उत्तरात तुमच्या मनातल्या शंकेचाच दोष निघाला, तर त्याच शंकेला घट्ट धरून ठेवा आणि मोजायला बसा.