पोलिसांची जुनी गाडी आणि तीन मजली केक

केकवाल्याने पोलिसांची जुनी गाडी लिलावात घेतली ती मेहुण्याच्या सांगण्यावरून. केकवाल्याच्या संसारात आजवर जे जे बिघडलं होतं ते मेहुण्याच्या सांगण्यावरूनच बिघडलं होतं. पण बायकोचा एकुलता एक भाऊ, त्याला नाही म्हणायचं म्हणजे घरात आठवडाभर अबोला.

"भावोजी, डोळे मिटून घ्या," मेहुणा म्हणाला. "सरकारी गाडी. वेळच्या वेळी तेलपाणी झालेलं. आणि चाललीय किती बघा, काहीच नाही!"

केकवाल्याने खरोखरच डोळे मिटून घेतली. त्यामुळे छपरावरचा दिवा काढल्यावर राहिलेली भोकं त्याला दिसली नाहीत. ती दिसली गाडी धुताना, म्हणजे पाणी आत बसलेल्या त्याच्याच डोक्यावर पडलं तेव्हा.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि हळूच परत लावलं. झोपलेल्या आजाऱ्याला पांघरूण घालावं तसं.

"शेठ, गाडी चालली कमी हे खरं," तो म्हणाला. "पण इंजिन चाललंय ना. दिवसभर नाक्यावर उभी. इंजिन सुरू, दिवा सुरू, वायरलेस सुरू, आत साहेब झोपलेले. मीटरवर किलोमीटर दिसतात, उभं राहिलेलं दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिनातली टायमिंगची साखळी सैल. चार पाठलाग झाले त्यांतच ब्रेक संपलेत. गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना विचार करतो. शॉकअप मेलेत. मागची दारं आतून उघडत नाहीत, ती मुद्दामच तशी असतात. पण ही जोरात लावली तर बाहेरूनही उघडत नाहीत, ते मुद्दाम नाही. आणि वायरी तर कुणीतरी न्हाव्याच्या कात्रीने कापल्यात."

खर्चाचा आकडा मिस्त्रीने तोंडाने सांगितला नाही, बॉनेटवरच्या धुळीत बोटाने लिहिला. केकवाल्याचे डोळे पांढरे झाले. एवढ्या पैशांत तशाच दोन गाड्या आल्या असत्या.

"यातलं काय नाही केलं तर चालेल?"

मिस्त्रीने कान खाजवला. "ब्रेक आणि साखळी सोडून सगळंच चालेल. चालणार नाही, पण चालेल."

ब्रेक आणि साखळी झाली, बाकी सगळं देवाच्या भरवशावर. त्या बाकीत भोंगाही होता. स्टीअरिंग पुरतं उजवीकडे फिरवलं की आत कुठेतरी उघडी वायर घासायची आणि भोंगा गळा काढायचा. तो काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागणार होता. केकवाल्याने त्यावर बिनखर्चाचा उपाय काढला: उजवीकडे वळायचंच नाही. समोरच्या किराणा दुकानात जायचं तरी तो डावीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे करत गावाला प्रदक्षिणा घालून यायचा. भोंग्याचं असं भागलं. शॉकअपचं काही भागेना. गाडी प्रत्येक खड्ड्याची विचारपूस करत जायची आणि मागच्या सीटवरचा केक पोचेपर्यंत शिरा व्हायचा. दोन गिऱ्हाइकांनी केक परत पाठवले. तिसऱ्याने चमचे मागवले.

"अहो, विकून टाका ती," बायको म्हणाली.

"घेणार कोण?"

"दादाला सांगू का?"

"नको!" केकवाला इतक्या जोरात ओरडला की भट्टीतला केक बसला.

मग एका सकाळी बँकेच्या वर्धापनदिनाचा तीन मजली केक घेऊन तो निघाला आणि कचेरीच्या चौकात डावीकडचा रस्ता खणलेला निघाला. समोर मातीचा ढिगारा, मागे बस. जायला वाट एकच, उजवीकडे. केकवाल्याने दातओठ खाऊन स्टीअरिंग फिरवलं.

भोंगा असा वाजला की चौकातल्या गाड्या भिंतींना चिकटल्या. एक मोटारसायकलवाला न विचारताच कागदपत्रं काढून उभा राहिला. केकवाल्याने घाईघाईने गाडी बाजूला थांबवली. तेवढ्यात पानाच्या टपरीमागून एक हडकुळा, दाढी वाढलेला माणूस आला. त्याने मागचं दार उघडलं, केकचं खोकं उचललं, आत बसून ते मांडीवर घेतलं आणि दार धाडकन लावून घेतलं.

"चला साहेब," तो म्हणाला. "दमलो मी."

"मी साहेब नाही! मी केकवाला आहे. उतरा!"

"असं म्हणू नका. आलात ते उपकार झाले."

केकवाल्याने खाली उतरून दार ओढलं. दार ढिम्म हललं नाही. दुसरं तर महिन्यापूर्वीच अडकून बसलं होतं, आणि पुढच्या-मागच्या सीटमध्ये पोलिसांची जाळी होती. आतला माणूस शांतपणे आपली हकिगत सांगू लागला. तो रंगारी. नगरपालिकेच्या मनोऱ्याला रंग देताना रोज उशिराबद्दल मुकादमाची बोलणी खायचा. एके दिवशी डोकं फिरलं आणि त्याने मनोऱ्यावरच्या घड्याळाचा मिनिटकाटा उपटून घरी नेला. त्याला वाटलं, रात्रीपर्यंत पोलीस येतील. कुणीच आलं नाही. वर्षं गेली. दाराशी पाऊल वाजलं की हा चपला घालून तयार, आणि बघावं तर दूधवाला.

"बायको माहेरी गेली. म्हणाली, एक तर आत जा, नाही तर नीट जेव."

केकवाल्याने हात टेकले आणि गाडी सरळ पोलीस ठाण्यात नेली. डावीकडून.

ठाण्याच्या दारात गाडी थांबली आणि आतले सगळे धावत बाहेर आले. रंगाऱ्याने दोन्ही हात पुढे केले. पण त्याच्याकडे बघतंय कोण?

"अरे, ही तर आपली म्हातारी!" एक ढेरपोट्या हवालदार बॉनेटवरून हात फिरवत म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "अजून तिसऱ्याला अडते का हो?"

"अडते," केकवाला म्हणाला. "मागे आरोपी आहे."

"आणि भोंगा? उजवीकडे वाजतो? आम्हाला तर डावीकडे वाजायचा. सुधारली म्हणायची!"

शेवटी फौजदारबाई बाहेर आल्या. त्यांनी खिडकीतून रंगाऱ्याचं सगळं ऐकून घेतलं.

"मिनिटकाट्याची तक्रार कुणी दिलेली नाही," त्या म्हणाल्या. "तक्रार नाही तर गुन्हा नाही."

"बाई, मी स्वतः देतो की तक्रार!"

"तुम्ही आरोपी. स्वतःविरुद्ध तक्रार द्यायला साक्षीदार लागेल."

"हे आहेत ना." रंगाऱ्याने केकवाल्याकडे बोट दाखवलं.

"मला बँकेत जायचंय हो," केकवाला रडकुंडीला आला.

"आधी याला बाहेर तरी काढा," फौजदारबाई म्हणाल्या. हवालदाराने मान हलवली. हे दार कधीच धड उघडलं नव्हतं, म्हणाला. ठाण्यातले लोक आरोपींना डिकीतून काढायचे. पण डिकीचं कुलूप आता गंजलं होतं, आणि रंगाऱ्याचीही उतरायची इच्छा दिसेना. तेव्हा हवालदाराने सगळ्यांच्या वतीने गाडीला सलाम ठोकला आणि ती तशीच रवाना झाली.

बँकेत पोचल्यावर मॅनेजरसाहेबांनी काच खाली करवून खोकं खिडकीतून घेतलं आणि झाकण उघडलं. केकवाल्याने डोळे मिटले.

"वा!" मॅनेजर म्हणाले.

तीनही मजले ताठ उभे होते. वरच्या मजल्यावरची साखरेची चिमणीसुद्धा जागची हलली नव्हती. रंगाऱ्याने आयुष्यभर परांचीवर उभं राहून रंगाचा डबा सांडू दिला नव्हता, त्याचे हात म्हणजे नवे कोरे शॉकअप.

घरी आल्यावर केकवाल्याच्या बायकोने खिडकीतून रंगाऱ्याला जेवण दिलं. ताट चाटूनपुसून परत आलं. मग केकवाल्याने सगळा प्रकार सांगितला आणि म्हणाला, "मिस्त्रीला बोलावतो. दार कापून काढावं लागेल."

"कापू नका," आतून आवाज आला. "मी आहे तिथे बरा आहे. फक्त एक सांगा, मला शिक्षा किती झाली?"

केकवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने कोर्टाची पायरी कधी चढली नव्हती, पण तिने पदराला हात पुसत क्षणभर विचार केला.

"एक वर्ष," ती म्हणाली. "दिवसभर केक मांडीवर धरायचे, रात्री घरी जायचं, मिस्त्री डिकीचं कुलूप दुरुस्त करून देईल. आणि वागणूक चांगली असेल तर दोन महिने माफ."

"माफी नको, वहिनी," रंगारी म्हणाला. "पुरी भोगू द्या."