भरावाचा नमुना

थोरलीच्या छातीत काय भरायचं, या प्रश्नावर घरात माणसं चार आणि मतं सात होती. त्यातली तीन एकट्या आत्याची, आणि तीही चहागणिक बदलत.

दोष माणसांचा नव्हता, धंद्याचा होता. दोन पिढ्या गाद्या करणारं घर ते. खाली कारखाना, वर बिऱ्हाड. फोमचा भुगा पायाला चिकटून जिन्यानं वर यायचा आणि अंथरुणातही सापडायचा. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत बाबा त्याच्या पाठीकडे बघून काथ्या की स्प्रिंग ते ठरवून मोकळे होत. डॉक्टरीणबाईंनी भरावाचे दोन पर्याय दिलेत म्हटल्यावर अशी माणसं गप्प बसतील, ही आशा धरणंच चूक होतं.

थोरली बेचाळीस वर्षांची. गाद्यांच्या खोळी बेतणं आणि शिवणं तिच्याकडे. आठ महिन्यांपूर्वी तिचा उजवा स्तन काढावा लागला. त्या जागी कातडीखाली एक तात्पुरती पिशवी बसवून ती दर पंधरवड्याला सुईनं थोडी थोडी फुगवत नेली, आत जागा व्हावी म्हणून. आता जागा झाली होती. पिशवी काढून तिथं इम्प्लांट बसवायचं, आणि ते कशाचं हे थोरलीनं शुक्रवारी सही करून सांगायचं, इतकंच उरलं होतं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी टेबलावर दोन नमुने ठेवले होते.

"दोन्हींचं वरचं कवच सिलिकोनचंच. फरक भरावाचा. यात सिलिकोनची घट्ट जेली, आणि यात मिठाचं पाणी. जेलीचं हाताला खऱ्यासारखं लागतं. पाण्याच्याला कडेनं सुरकुत्या दिसतात कधीकधी. तुमची कातडी पातळ आहे, तेव्हा दिसतीलच बहुतेक. माझं मत विचाराल तर जेली."

"आणि फुटलं तर?"

"पाण्याचं फुटलं तर एकदोन दिवसांत चपटं होतं. पाणी अंगात जिरतं, अपाय काही नाही, पण पुन्हा ऑपरेशन आलं. जेलीचं फुटलं तर बहुतेक वेळा बाहेरून कळत नाही. म्हणून काही वर्षांच्या अंतरानं स्कॅन करून बघत राहायचं. आणि दोन्हींतलं कुठलंच जन्माला पुरत नाही, ते आधीच सांगून ठेवते."

नमुने घरी न्या, आतल्या कपड्यात ठेवून हिंडून-फिरून बघा, शुक्रवारी परत आणा, असं सांगून बाईंनी पुठ्ठ्याचा डबा तिच्या हातात दिला. आणि इथूनच सगळा घोळ सुरू झाला.

"दोन्हींचं कवच सिलिकोनचं, मग वेगळं काय राहिलं?" पहिल्याच संध्याकाळी आत्या म्हणाली. "मी म्हणते, आतून कापूसच का नाही घालत? आपल्याकडे पडलाय ढिगानं."

"आत्या, शरीर आहे ते. लोड नव्हे."

"मग पाणीच बरं. पाणी आपलं साधं. माणूस निम्मा पाण्याचाच असतो."

धाकटा भाऊ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "ताई, इथं एका बाईनं लिहिलंय की पाण्याचं आतल्या आत डुचमळतं. पायऱ्या उतरताना ऐकू येतं."

"कुणाला?"

"ते नाही लिहिलं."

बाबांचं म्हणणं एकच. तरुणपणी त्यांनी हौसेनं पाण्याची गादी तेव्हाच्या माडीवरच्या भाड्याच्या दुकानात मांडली होती. सातव्या दिवशी ती शिवणीपाशी फुटली आणि खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचा वर्षभराचा माल भिजला. तेव्हापासून पाणी हा शब्द भरावाच्या संदर्भात त्यांच्यासमोर कुणी काढत नसे. "पाणी वाहायला असतं," ते म्हणाले. "भरायला नसतं. विषय संपला."

विषय कसला संपतोय. मंगळवारी आत्या जेलीवर आली आणि दुपारी परत पाण्यावर गेली. धाकट्यानं तीन व्हिडिओ पाठवले, त्यांतला एक चुकून कुक्कुटपालनाचा निघाला. दिवसभर जो येईल तो बोलत होता. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथं जिचं जळत होतं तिला सोडून बाकी सगळ्यांना कळत होतं. थोरलीला रोज रात्री झोपताना खांद्यापासून बरगडीपर्यंत ताण बसायचा, त्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं.

बुधवारी ती एका वसतिगृहात खाटांची मापं घ्यायला गेली. डबा राहिला कापायच्या टेबलावर. तीच चूक झाली.

कारखान्याचा एक जुना नेम होता. नव्या व्यापाऱ्याकडून फोमचा नमुना आला की तो बाबांच्या हातून गेल्याशिवाय पास व्हायचा नाही. आधी वीस किलोचं लोखंडी वजन वर ठेवायचं. वजन काढल्यावर नमुना किती उठतो ते पट्टीनं मोजायचं. मग गादी टाचायची वीतभर सुई आरपार घालून बघायची, भोक बुजतं की फाटत जातं. टेबलावरच्या डब्यावर दवाखान्याची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर लिहिलेलं होतं: 'नमुना'.

थोरली परत आली तेव्हा टेबल पुसायचं काम चालू होतं. पाण्याचा नमुना काढून टाकलेल्या मोज्यासारखा चपटा पडला होता. जेलीचा शेजारी ऐटीत बसला होता. बाबांच्या कानावर पेन्सिल आणि चेहऱ्यावर समाधान.

"बाबा, हे काय केलंत?"

"निकाल लावला. तीन दिवस नुसतं चऱ्हाट चाललंय तुमचं. पाण्याचा पहिल्या सुईलाच गेला."

"सुई? तुम्ही याला सुई घातली?"

"सगळ्यांनाच घालतो."

"मी म्हटलं होतं त्याला, आधी तिला विचार," आत्या फडकं पिळत म्हणाली. "पण वजन मात्र छान पेललं हो दोघांनी."

"हे परत करायचे होते! शुक्रवारी! मी काय सांगू त्यांना? वडलांनी टाचले म्हणून?"

"खरं ते सांगू. मी येतो पाहिजे तर." बाबांनी जेलीचा नमुना उचलून तिच्यापुढे धरला. "ते राहू दे, आधी हा बघ. वजन काढलं, होता तसा उठला. सुई घातली, भोक सापडत नाही. एकदा नाही, तीनदा घातली. शोधून दाखव."

थोरलीनं कपाळावर हात मारला आणि तरीही नमुना घेतला. उजेडात धरला, उलटापालटा केला. एक डाग नाही, सुरकुती नाही. मग तिनं दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, तेव्हा कडेच्या एका जागेतून जेलीचा अगदी बारीक कोंभ वर आला. बोट काढल्यावर पुन्हा आत गेला. वरून सगळं गुळगुळीत.

"बघ," बाबा म्हणाले. "तीन ठिकाणी फुटलाय, पण आहे पत्ता कुणाला? याला म्हणतात माल."

थोरलीच्या मशीनशेजारी दुसरं मशीन होतं. आई गेल्यापासून, दोन वर्षं, त्यावर कापड झाकलेलं होतं. त्या मशीनवर ती बसायची. छातीतली गाठ हाताला लागल्यावरही ती वर्षभर तिथंच बसली होती आणि हूं की चूं केलं नव्हतं. चेहरा तोच, चाल तीच, टाका तसाच सरळ. मोठी ऑर्डर उरकू दे म्हटलं, असं तिनं नंतर डॉक्टरांना सांगितलं, चूक झाल्यासारखं हसून. हाताच्या अंतरावर बसलेल्या मुलीला काही कळलं नव्हतं.

"मी पाण्याचा घेणार," थोरली म्हणाली.

"फुटका?" आत्या किंचाळली.

"फुटला की सांगतो तो."

"अगं, पण एक दिवस सकाळी उठशील आणि एक बाजू सपाट!" बाबांचा आवाज चढला. "चारचौघांत दिसेल ते!"

"दिसू दे. या घरात कुणाचं काय बिनसलंय ते एकदा तरी दिसू दे, बाबा."

ती हे मोठ्यानं बोलली नव्हती. तरी धाकट्यानं मोबाइल खिशात घातला. बाबा झाकलेल्या मशीनकडे बघत नव्हते, हे इतकं उघड होतं की ते तिकडेच बघताहेत असं वाटत होतं.

"तिनं मला पण नाही सांगितलं," ते म्हणाले.

"माहितेय. आपण विचारलंही नाही. मीसुद्धा."

शुक्रवारी ते खरंच बरोबर आले, इस्त्रीचा शर्ट घालून, गुन्हा कबूल करायला आल्यासारखे. डॉक्टरीणबाईंनी चपटा नमुना दोन बोटांत धरून वर उचलला.

"कुत्र्यानं चावलेला नमुना एकदा परत आला होता," त्या म्हणाल्या. "टाचलेला पहिलाच."

"आम्ही गाद्या करतो," बाबा म्हणाले. यात सगळं आलं, असं त्यांना वाटलं असावं.

बाईंनी थोरलीला पुन्हा एकदा सगळं सांगितलं. सुरकुत्या दिसतील. खऱ्यासारखं लागणार नाही. बहुतेक बायका जेली घेतात आणि स्कॅन वेळेवर केलं तर ती सुरक्षित आहे. थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. त्यातलं काही खोटं नव्हतं.

"मला रोज आरशात बघून कळलं पाहिजे," ती म्हणाली. "काही वर्षांनी स्कॅनच्या मशीनमध्ये जाऊन नाही."

बाईंनी अर्ज पुढे सरकवला. थोरलीनं पाण्याच्या चौकटीत खूण केली, सही केली, तारीख घातली.

बाहेर बसस्टॉपवर बाबा बराच वेळ चुळबुळत उभे होते. "तरी मला वाटतं, जेली..."

"बाबा."

"बरं, राहिलं." त्यांनी रिकामा डबा या काखेतून त्या काखेत घेतला. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "दुखतं का गं?"

'नाही, विशेष काही नाही,' हे उत्तर तिच्या ओठांवर तयारच होतं. आठ महिने ती तेच देत आली होती.

"दुखतं," थोरली म्हणाली. "रात्री जास्त. उजव्या कुशीवर वळता येत नाही."

"मग पाठीशी तक्क्या दे. मी आज बसून करतो, काथ्या खाली आणि वर मऊ फोम..."

"तक्क्या नको बाबा. नुसतं ऐका."

बाबांचं तोंड उघडं होतं, ते त्यांनी मिटलं. त्यांना ते जड जात होतं, दिसत होतं. बस आली. दोघं मागच्या बाकावर बसली आणि थोरली सांगू लागली. सुरुवात कुठून करावी ते तिला नीट जमलं नाही, म्हणून तिनं खांद्यापासून केली.