तासाभराचं माप

सुनेने गिऱ्हाइकांच्या कापडांचं गाठोडं जिन्याच्या चौथ्या पायरीवर ठेवलं, तेव्हा सासरे खुर्चीतल्या खुर्चीत हसले. आवाज न करता, नाकातून.

"आभाळ जरा काळं झालं की सूनबाईंची वरात निघते."

"शिलाई मशीनही वर घेऊ या का, बाबा? तुमच्या खोलीत कोपरा आहे."

"तिथे माझं नकाशांचं टेबल आहे."

त्या टेबलावर बारा वर्षांत एक रेघ उमटली नव्हती. पण पावसाचं आणि घराघरांतल्या मोऱ्यांचं पाणी नेणारं गल्लीखालचं गटार त्यांनी तिथे बसून आखलं होतं. पालिकेतली नोकरी संपली होती. सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही.

"तीस वर्षांच्या पावसाच्या नोंदी काढून गटाराचं माप धरलंय मी. तासाभरात जास्तीत जास्त पडेल त्याच्या दीडपट. तुझ्या बाहीसारखं नाही, दोन बोटं कमी पडली की ठिगळ लाव."

"नोंदी जुन्या झाल्या, बाबा. महिन्याचा पाऊस तेवढाच, पण दिवसभराचा पडतो अर्ध्या तासात. हवा तापली की जास्त पाणी धरते म्हणतात, आणि सोडते ते एकदम."

"म्हणतात. शिवणाला हल्ली हवामानाचं अस्तर लावतेस वाटतं."

तिने दोरा दाताने तोडला. लोखंडी पायांचं मशीन तिला एकटीला उचलवत नव्हतं. ते भिजलं तर हातातलं काम गेलं, हे मागच्या पावसापासून ती सांगत होती आणि तेव्हापासून हेच हसू ऐकत होती.

पाऊस आला तो भरली टाकी उपडी करावी तसा. वीस मिनिटांत गल्ली दिसेनाशी झाली.

"जोतं उंच आहे आपलं," सासरे खिडकीतून म्हणाले. "बस गप्प."

तेवढ्यात समोरच्या घरातून बाईचा आवाज आला, "अहो, मोरीतून वर येतंय!"

ती फडकी घेऊन न्हाणीघराकडे धावली.

फरशी कोरडी होती. मोरीची जाळी काढून भोकात लाकडी बूच ठोकलेलं होतं. घासून गोल केलेलं, भोवती सायकलची ट्यूब गुंडाळलेली, मापात चोख. खालून पाणी धडका देत होतं. बुचावर सासऱ्यांच्या नकाशातल्या अक्षरात तारीख होती. मागच्या वर्षीची; पलीकडची गल्ली पहिल्यांदा बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

कोरडी फडकी हातात घेऊन ती परतली.

"बाबा, मोरीला बूच?"

"झुरळं येतात." ते खिडकीबाहेरच बघत होते.

तिने फडक्यांच्या घड्या घातल्या, एकावर एक नीट रचल्या.

"हो," ती म्हणाली. "फार मोठी झालीत हल्ली."

आत बूच करकरलं. सासरे उठले, तिच्याकडे न बघता मशीनपाशी गेले आणि एक बाजू धरली.

"टेबल भिंतीला सरकवावं लागेल," ते म्हणाले. "धर."