कूलरवाल्याचं खुराडं

“तुमी नका मोजू. तुमचं माप आता या घरात चालत नाई.”

आशाबाईंनी नवऱ्याच्या हातातली टेप काढून घेतली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं. शेजारी म्हणून मला खास बोलावून घेतलं होतं. फोन कोनाड्यात उभा करून ठेवला होता आणि त्यातून त्यांची लेक पौर्णिमा, अमरावतीला राजापेठेतल्या आपल्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता, पातूरचं अंगण पाहत होती.

“आई, सहा बाय चार बसतं का तेवढं बघ. मी रविवारी ऑर्डर टाकते. पंचवीस कोंबड्या आरामात राहतात म्हणे त्यात. शिडी आहे, अंडी काढायला मागून वेगळं दार आहे.”

“पिलास्टिकचंच हाय ना? पत्रा नाई ना कुठं त्याले?”

“नाही गं. पत्रा नाही.”

कडुनिंबाखाली खाटेवर बसलेल्या पंजाबराव मिस्तरींनी मान खाली घातली आणि चपलेनं एक मुंगळा उगाचच बाजूला सारला. मला त्यांची दया आली. ज्या माणसानं चाळीस वर्षं अर्ध्या पातूरची मापं घेतली, त्याच्या बायकोनं टेप शेजाऱ्याच्या हाती द्यावी, हे काही बरं नव्हतं. पण मी टोक धरलं. सहा बाय चार बसत होतं.

पंजाबराव कूलरवाले मिस्तरी. आमच्याकडे एप्रिल-मेचा उन्हाळा म्हणजे काय, हे ज्यानं सोसलंय त्यालाच ठाऊक, आणि तो सोसण्यासारखा करणारा माणूस म्हणजे मिस्तरी. पत्रा कापायचा, वाकवायचा, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या भरायच्या, पंखा बसवायचा, सगळं एकहाती. गिऱ्हाइकाच्या खोलीत कूलर लावला की खिशातून एक जुना तापमापक काढायचे, भिंतीला टांगायचे आणि चहा पिऊन होईपर्यंत काही बोलायचे नाहीत. मग म्हणायचे, “बाहीर चव्वेचाळीस. अंदर बत्तीस. आता झोपा.” हल्ली लोक बाजारातून प्लास्टिकचे तयार कूलर आणतात. मिस्तरींकडे ताट्या बदलण्याचं काम तेवढं उरलं आहे.

त्यांच्याच कोंबड्या गेल्या वर्षी उष्म्यानं मेल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

झालं असं, की आशाबाईंच्या चार गावरान कोंबड्यांच्या पंधरा झाल्या. रात्री त्यांना बांबूच्या डालग्याखाली झाकत, पण पंधरा कोंबड्या एका डालग्यात मावेनात आणि मुंगूस टपलेलं. मिस्तरी म्हणाले, मी खुराडं करतो. केलंही, आणि काय केलं! चहूबाजूंनी पत्रा, मांजराचा पंजा शिरणार नाही अशी जोडणी, वर निळा रंग, आणि एका बाजूला चक्क छोटा कूलर. कोंबड्यांना कूलर! गाव पाहायला आलं. मिस्तरी तापमापक टांगून दाखवत होते.

मग मे महिन्यात दोघं नवरा-बायको मोर्शीला नात्यातल्या लग्नाला गेले. कोंबड्या आत, कूलर चालू, बाहेरून कडी. दुपारी वावटळीनं विजेचा खांब पाडला. संध्याकाळी परत येऊन दार उघडलं तेव्हा अकरा कोंबड्या चोची उघड्या टाकून पडल्या होत्या. चार कशाबशा जिवंत होत्या. मिस्तरींनी त्या अकरा लिंबोणीखाली पुरल्या, कोणाला हात लावू दिला नाही. जो येई त्याला सांगत, “लाइन गेली जी. लाइनीले कोन काय करन?” मी त्या दिवशी घरीच होतो. ते पुढे सांगतो.

गावाला काय, विषय पाहिजे. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणायचंच, “मिस्तरी, आमाले कूलर लावून द्या, पन कोंबड्यायचा नोका देऊ!” मिस्तरी हसायचे. आशाबाई हसत नव्हत्या. त्या भांडल्याही नाहीत. फक्त तेव्हापासून घरातला खिळा ठोकायलाही त्या दुसऱ्याला बोलवू लागल्या.

त्या उरलेल्या चार कोंबड्या दोनदा अंड्यांवर खुडूक बसल्या आणि वर्षभरात कळप चोवीसवर गेला. डालगं पुन्हा अपुरं पडलं, मागच्या आठवड्यात मुंगसानं दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, उचलल्या, म्हणून ही मोजामोजी.

त्याच संध्याकाळी मिस्तरींनी मला त्यांच्या बंद दुकानात नेलं. पौर्णिमाकडून तिच्या त्या खुराड्याचा फोटो मागवून घेतला होता.

“पाहा गुरुजी. खिडकी केवढी? इतभर. बावीस जीव अंदर, पिलास्टिक तापते, हवा कुठून येईन? हे बी मारते कोंबड्या.”

“मग सांगा ना आशाबाईंना.”

“मी सांगू? कोन्या तोंडानं?”

मिस्तरींनी फोन खिशात ठेवला आणि कोपऱ्यात गंजत पडलेले कूलरचे दोन स्टँड ओढले.

“रविवारपर्यंत पाच दिवस हायेत. तुमच्या भावाच्या वावरात पऱ्हाटी असन ना अजून?”

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या काटक्या, आमच्याकडे त्या चुलीत जातात. मी दोन भारे आणून दिले. चार दिवस मिस्तरी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत काम करत होते. मी जाऊन बसायचो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस मोटार नसलेली वस्तू बनवत होता आणि त्याला ते जड जात होतं. मधेच हात थांबायचा, नजर पंख्यांच्या पात्यांकडे जायची. मग स्वतःशीच म्हणायचे, “नाई. लाइनीचा भरोसा नाई.” स्टँडचे पाय करून जमिनीपासून अडीच फूट उंची दिली. तिन्ही बाजूंना जाळी. पश्चिमेला पऱ्हाटीचा कुड, त्यावर माती-शेणाचा लेप. छपराला एक पत्रा, पण त्याच्यावर हातभर जाड पऱ्हाटी, आणि दोहोंमध्ये वारं खेळायला चार बोटं जागा. आत कोंबड्यांना बसायला दोन आडव्या बल्ल्या, दाराशी चढायला छोटी शिडी.

शनिवारी सकाळी आशाबाई बचत गटाच्या बैठकीला गेल्या तसं आम्ही ते हातगाडीवर घालून आणलं आणि कडुनिंबाखाली उभं केलं. मिस्तरींनी तीनदा जागा बदलली. तो हातातला तापमापक, ती वाऱ्याची दिशा बघणं, सगळं जुनं गिऱ्हाईक आल्यासारखं. मला बरं वाटलं पाहून.

आशाबाई एक वाजता आल्या. पदरानं घाम पुसत त्या खुराड्याभोवती फिरल्या. जाळीत बोट घातलं, कुडावर हात फिरवला, वाकून आत पाहिलं.

“चांगलं हाय,” त्या म्हणाल्या. “मांगच्या वर्षी बी चांगलंच होतं.”

आणि घराकडे वळल्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळत होतं. पण त्या बोलण्यात पोळल्यापेक्षा काहीतरी जास्त होतं, ते तेव्हा मला कळलं नाही.

मिस्तरींनी टोपी काढून खाटेवर ठेवली. खुराड्याचं दार उघडलं आणि सदुसष्ट वर्षांचा तो माणूस गुडघे पोटाशी घेऊन आत शिरला. एक बल्ली काढून बाहेर दिली आणि दुसऱ्या बल्लीखाली मान वाकवून बसला.

“गुरुजी, कडी लावा.”

“अहो मिस्तरी, काय हे...”

“लावा. चार वाजेपर्यंत. मी जगलो तं कोंबड्या जगतीन.”

आशाबाई ओट्यावर थबकल्या. “अजी, म्हातारचळ लागला का तुमाले? लोकं पाहतीन!”

“पाहू दे. मांगच्या वर्षी बी पाह्यलं लोकायनं.”

“मंग बसा!” त्या आत गेल्या. दोन मिनिटांनी पुन्हा डोकावल्या. “गुरुजी, लक्ष ठेवजा. बीपीची गोळी सकाळीच देली हाय त्यायले.”

मी कडी लावली आणि खाटेवर बसलो. ऊन असं, की समोरच्या भिंतीकडे बघवत नव्हतं. बावीस कोंबड्या लिंबोणीच्या आळ्यात पंख पसरून पडल्या होत्या आणि एक लाल कोंबडी मान वाकडी करून मालकाकडे बघत होती. भिंतीवरच्या तापमापकात चव्वेचाळीस होते. मिस्तरींजवळ दुसरा होता, ते मधूनमधून आतून आकडा सांगत. “अडतीस.” मग बऱ्याच वेळानं, “एकोनचाळीस.” आधी उत्साहानं सांगायचे, मग नुसतंच सांगायचे. अडीचच्या पुढे त्यांनी सांगणं बंद केलं.

“मिस्तरी? उघडू का?”

“नाई. हवा हाय. तसं काई नाई.” ते जाळीतून दाराकडे बघत होते. “गुरुजी, अंदरून कडी दिसते. हात पुरत नाई.”

आशाबाई पाण्याचा तांब्या घेऊन कधी येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. मिस्तरींनाही नसावं. किंवा कळलंही असेल.

“पौर्णीची माय,” ते म्हणाले, “थ्या दिवशी मोर्शीले मले फोन आलता.”

आशाबाई दोन पावलं पुढे आल्या.

“समोरच्या खानावळवाल्या चंदाचा. कूलर बंद पडला म्हने. खांब पडला, संध्याकाळलोक लाइन येत नाई म्हने. एक वाजला होता. मी पंगतीत होतो. गुरुजीले एक फोन केला असता तं यायनं येऊन कडी काढली असती. मले वाटलं, ताट्या वल्ल्या हायेत. माह्या हाताच्या ताट्या हायेत. चार घंटे गारवा धरतीन. मी तिथं लोकायले सांगून राह्यलो होतो का, माह्या कोंबड्या कूलरात झोपतात. आन् इकडे...”

ते डोळे पुसत होते, आणि त्या अडचणीत हातही नीट वर येईना.

आशाबाई खुराड्याशेजारी जमिनीवर बसल्या.

“मले माहीत हाय,” त्या म्हणाल्या. “चंदानं आठ दिवसातच सांगतलं मले. ‘मी तं मिस्तरीले फोन केलता’ म्हने.”

“तुले... सालभर माहीत होतं?”

“सालभर. तुमी जो येईन त्याले ‘लाइन गेली, लाइन गेली’ सांगत होते, थे मी चुलीपुढं बसून आयकत होती. कोंबड्या काय जी, मरतात. मुंगूस नेते, रोग येते. पन तुमी मले बी लाइनच सांगतली.” त्यांनी तांब्या जाळीपाशी ठेवला. “मी वाट पाहून राह्यली होती. तुमच्या तोंडून.”

मिस्तरी खाली मान घालून बसले होते. वर बल्ली असल्यामुळे मान खालीच होती म्हणा. आशाबाईंनी दार वीतभर उघडलं, तांब्या आत सरकवला आणि कडी पुन्हा लावली.

“प्या. आन् बसा. चार वाजाले अजून घंटाभर हाय. बोलले तं पुरं करा.”

हे ऐकून मिस्तरी हसले. रडता रडता हसले, आणि मलाही हसू आलं.

आता माझं सांगतो. त्या मे महिन्यातल्या दुपारी माझाही कूलर बंद पडला होता. मी ओलं फडकं अंगावर घेऊन आडवा झालो होतो. दोनच्या सुमाराला भिंतीपलीकडे कोंबड्या ओरडायला लागल्या. खूप ओरडत होत्या. मांजर आलं असेल, असं मी म्हणालो आणि उठलो नाही, कारण अंगणातून अनवाणी जावं लागलं असतं आणि चपला पुढच्या दारात होत्या. मग हळूहळू त्या थांबल्या. मला बरं वाटलं. मला झोप लागली.

त्या शनिवारी मी खाटेवर होतो, तीन हातांवर. मिस्तरींचं बोलून झालं होतं, आशाबाईंचं बोलून झालं होतं, आणि माझी पाळी होती. मी तापमापकाकडे बघत बसलो.

चार वाजता आशाबाई म्हणाल्या, “काढा गुरुजी कडी.” मिस्तरींना गुडघे सरळ करता येईनात. आशाबाईंनी हात दिला, त्यांना धरून उभं केलं आणि डोक्यात अडकलेल्या पऱ्हाटीच्या काड्या एकेक करून काढल्या. शेजारी कोणी आहे, हे त्या विसरल्या असाव्यात. मग फोन लावला.

“पौर्णी, नोको मांगवू. तुह्या बापानं केलं.” पलीकडून ती काहीतरी म्हणाली. “हो, मी पाह्यलं ना. चांगलं हाय.”

दिवेलागणीला बावीस कोंबड्या शिडीवरून एकामागे एक चढल्या. शेवटची ती लाल कोंबडी दारात बराच वेळ घुटमळली आणि मग गेली.

त्यानंतर दर रविवारी आशाबाई भिंतीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा अंडी देतात. मी नको म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, “कडी तुमीच लावली न् तुमीच काढली. तुमचा बी वाटा हाय, गुरुजी.”

मी अंडी घेतो. मिस्तरी पलीकडून विचारतात, “कशी हायेत?” कुठल्याशा जुन्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं, उत्तर ठाऊक असल्यासारखं.

“चांगली आहेत,” मी म्हणतो.